जगप्रदक्षिणेची क्रूझ: बुकिंग, व्हिसा आणि खर्चाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्याची. बँकेच्या परकीय चलन विभागात नोकरी केली, निवृत्त झाले आणि २०२५च्या जानेवारीत आम्ही दोघं साउथहॅम्प्टनहून बोटीवर चढलो. शंभराहून जास्त दिवसांनी त्याच धक्क्यावर उतरलो. तेव्हापासून नातेवाईक, जुने सहकारी, त्यांचे शेजारी असे पुष्कळ जण फोन करून विचारतात. जवळपास सगळ्यांचा पहिला प्रश्न केबिनचा किंवा भावाचा असतो. माझ्या मते भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने सुरुवात व्हिसापासून करावी, कारण किती आधी बुकिंग करायचं, कुठला मार्ग निवडायचा आणि पैसे कधी अडकवायचे हे सगळं व्हिसावरच ठरतं. खालची उत्तरं त्याच नजरेने लिहिली आहेत.

जगप्रदक्षिणेची क्रूझ म्हणजे नेमकं काय? किती दिवसांची असते?

साधारण १०० ते १८० दिवस. बहुतेक बोटी जानेवारीत निघतात आणि एप्रिल-मेमध्ये परततात, म्हणजे उत्तर गोलार्धातला हिवाळा त्या दक्षिणेकडच्या उबदार समुद्रांत काढतात. साउथहॅम्प्टन, हॅम्बुर्ग, बार्सिलोना, मायामी, फोर्ट लॉडरडेल, लॉस एंजेलिस, सिडनी ही नेहमीची निघण्याची बंदरं. ही कल्पना जुनी आहे. १९२२मध्ये क्युनार्ड कंपनीची ‘लॅकोनिया’ न्यूयॉर्कहून प्रवाशांना घेऊन जगाला फेरी मारायला निघाली, तीच अशा सफरींची सुरुवात मानली जाते. अलीकडचं टोक म्हणजे रॉयल कॅरिबियनची ‘सेरेनेड ऑफ द सीज’. ती डिसेंबर २०२३मध्ये मायामीहून निघाली आणि २७४ रात्रींची सफर करून सप्टेंबर २०२४मध्ये परतली.

मार्ग निवडताना दिशा बघा. पश्चिमेकडे जाणाऱ्या बोटीवर घड्याळ थोड्या थोड्या दिवसांनी एक तास मागे जातं, म्हणजे पंचवीस तासांचा दिवस आणि एक तास जास्त झोप. पूर्वेकडे जाणाऱ्या बोटीवर तास कमी होत जातात आणि साठीनंतर ते जाणवतं. पश्चिमेकडे जाताना पॅसिफिकमध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की एक अख्खी तारीख गळून पडते. वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस नेमका त्या तारखेला येत नाही ना, ते बुकिंगच्या वेळीच पाहून घ्या.

बुकिंग किती आधी करावं?

दीड ते दोन वर्षं आधी. कंपन्या पुढच्या सफरी साधारण तेवढ्याच आधी विक्रीला काढतात आणि मधल्या डेकवरच्या, बोटीच्या मध्यभागच्या केबिन पहिल्या काही महिन्यांतच जातात. बुकिंगच्या वेळी एकूण रकमेचा काही भाग भरावा लागतो, अनेकदा १० ते २५ टक्के. उरलेली रक्कम निघण्याच्या तीन ते पाच महिने आधी. ती शेवटची तारीख करारात शोधा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहून ठेवा. त्या तारखेनंतर रद्द केलं तर कापली जाणारी रक्कम झपाट्याने वाढत जाते आणि शेवटच्या आठवड्यांत काहीच परत मिळत नाही.

शेवटच्या क्षणी स्वस्तात मिळतं म्हणतात. थांबावं का?

ब्रिटनमधल्या किंवा अमेरिकेतल्या मराठी माणसाकडे तिथला पासपोर्ट असेल तर त्याने जरूर थांबावं. आपण थांबू नये. सहा आठवडे आधी मिळालेल्या सवलतीच्या तिकिटावर सहा देशांचे व्हिसा मिळवणं शक्य नसतं.

व्हिसा किती लागतात? एकच ‘क्रूझ व्हिसा’ नसतो का?

नसतो. ज्या ज्या देशाच्या बंदरात बोट लागते त्या प्रत्येक देशाचा नियम वेगळा पाळावा लागतो आणि कागद पुरे करण्याची जबाबदारी करारानुसार प्रवाशाची असते. चढतानाच सगळे कागद तपासतात. मार्गावरच्या एका देशाचा व्हिसा कमी असला तरी बोटीवर घेत नाहीत, आणि तिकिटाचे पैसेही मिळत नाहीत. ‘त्या बंदरात आम्ही खाली उतरणारच नाही’ हे उत्तर सगळीकडे चालत नाही. अमेरिकेच्या बंदरात बोट लागली की प्रत्येक प्रवाशाची तपासणी होते. खोलीत बसून राहिलात तरी व्हिसा हवाच.

साउथहॅम्प्टनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या सफरीसाठी साधारण हे लागतं: ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडची पूर्वपरवानगी, आणि बहुतेक वेळा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला एक व्हिसा. मार्गात जपान, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका असतील तर तेही. मलेशिया, थायलंड, मॉरिशस, फिजी यांनी भारतीयांना सोपं केलेलं आहे. न्यूझीलंडची एक सवलत फार कमी जणांना ठाऊक असते. बोटीनेच येणाऱ्या आणि बोटीनेच जाणाऱ्या प्रवाशाला, तो कुठल्याही देशाचा असो, पूर्ण व्हिसा लागत नाही. ऑनलाइन मिळणारी पूर्वपरवानगी पुरते.

शेंगेनचं आश्चर्य वाटतं, कारण सफर युरोपात नसतेच. पण साउथहॅम्प्टनहून निघालेली बोट अटलांटिक ओलांडण्यापूर्वी पुष्कळदा मदेराच्या फुंशाल बंदरात किंवा अझोर्समध्ये थांबते, आणि ही बेटं पोर्तुगालची आहेत. म्हणजे सात-आठ तासांच्या मुक्कामासाठी शेंगेन व्हिसा. आमच्या एजंटने ‘एका दिवसाला काही लागत नाही’ असं तोंडी सांगितलं होतं. मी बोटीच्या कंपनीला मेल करून लेखी उत्तर मागवलं, तेव्हा कळलं की लागतो. तोवर नोव्हेंबर उजाडला होता आणि पुढचे पाच आठवडे मला नीट झोप लागली नाही. म्हणून प्रत्येक बंदराबद्दलचं उत्तर लेखीच घ्या, आणि त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः ताडून पाहा. परतताना पुन्हा स्पेन किंवा पोर्तुगालचं बंदर असेल तर व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा हवा. ताहितीला जाणार असाल तर आणखी एक गोष्ट: ती फ्रान्सची असली तरी शेंगेनमध्ये मोडत नाही, तिथली वेगळी चौकशी करा.

एवढे व्हिसा कुठल्या क्रमाने काढायचे?

अडचण अशी असते की पासपोर्ट एकच असतो आणि प्रत्येक वकिलात तो काही दिवस ठेवून घेते. आमचा क्रम हा होता.

सगळ्यात आधी पासपोर्ट. सफर संपल्यावरही किमान सहा महिने मुदत उरायला हवी. रिकामी पानंही मोजा. नूतनीकरण करायचंच असेल तर ३६ पानांऐवजी ६० पानांची पुस्तिका मागा. शुल्कात पाचशे रुपयांचाच फरक आहे.

मग अमेरिका. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मुलाखतीची तारीख मिळायला कित्येक महिने लागू शकतात. पण पर्यटक व्हिसा सहसा दहा वर्षांचा मिळतो, म्हणून तो बुकिंगच्याही आधी काढला तरी वाया जात नाही. खरं तर मी तसंच सुचवते. अमेरिकेचा व्हिसा हातात नसताना पॅनामा कालव्याच्या मार्गावर मोठी रक्कम अडकवू नका.

त्यानंतर ऑस्ट्रेलिया, जो ऑनलाइन होतो. शेवटी शेंगेन आणि ब्रिटन. शेंगेनसाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो, ब्रिटनसाठी तीन महिने. म्हणजे ८ जानेवारीला निघायचं असेल तर ब्रिटनचा अर्ज ८ ऑक्टोबरच्या आधी घेतच नाहीत. ब्रिटनचा साधा पर्यटक व्हिसा सहा महिन्यांचा असतो. जानेवारीच्या सुरुवातीला सुरू केला तर एप्रिल-मेमधल्या परतीला पुरतो, पण सप्टेंबरमध्ये मुलीकडे लंडनला जाण्यासाठी काढलेला व्हिसा परतीपर्यंत संपलेला असतो.

आता ही सगळी तारखांची साखळी उरलेली रक्कम भरण्याच्या तारखेशेजारी मांडून बघा. पैसे भरायची तारीख सप्टेंबरमध्ये आणि ब्रिटनचा अर्ज ऑक्टोबरमध्ये, असंच होतं. एक-दोन व्हिसा हातात नसताना पूर्ण पैसे भरावे लागतात. ती जोखीम टळत नाही. पूर्वी त्या देशांत जाऊन वेळेत परत आल्याची नोंद पासपोर्टवर असेल तर ती बरीच कमी होते.

एकूण किती पैसे लागतील?

आतली, खिडकी नसलेली केबिन दोघांत घेतली तर सर्वसाधारण कंपन्यांचा भाव माणशी १५ ते २० हजार डॉलरच्या आसपास सुरू होतो. बाल्कनीला त्याच्या दीडपट-दुप्पट, आणि अतिश्रीमंती बोटींवर माणशी ६०-७० हजार डॉलरच्याही वर. पण तिकीट म्हणजे एकूण खर्च नव्हे. खाली दोघांचा, ११० रात्रींचा नमुना हिशेब मांडते. डॉलर ९० रुपये आणि तिकीट माणशी २०,००० डॉलर धरलं आहे. तुमचे आकडे वेगळे येतील, डोकं चालवायची पद्धत मात्र हीच ठेवा.

दोन तिकिटं: ४०,००० डॉलर, म्हणजे ३६ लाख रुपये.
रोजची ग्रॅच्युइटी (बोटीवरच्या कर्मचाऱ्यांची टीप) माणशी १८ डॉलर: ३,९६० डॉलर.
बंदरांवरच्या सहली: ४० बंदरांपैकी १२ ठिकाणी बोटीची सहल, दर वेळी माणशी १२० डॉलर. उरलेल्या २८ ठिकाणी दोघांचे मिळून ४० डॉलर. एकूण ४,००० डॉलर.
एका फोनपुरतं इंटरनेट, रोज १५ डॉलर: १,६५० डॉलर.
विमा: १,५०० डॉलर.
व्हिसा, एजंटचे शुल्क, कुरिअर, फोटो: १,५०० डॉलर.
मुंबईहून जाण्या-येण्याचं विमान आणि दोन्ही टोकांना हॉटेल: २,८०० डॉलर.
कपडे धुणं, एखादं पेय, भेटवस्तू, किरकोळ: २,००० डॉलर.

बेरीज ५७,४१० डॉलर, म्हणजे साधारण ५१ लाख ६७ हजार रुपये. तिकीट त्यातलं सत्तर टक्के. यावर मी १० टक्के वेगळे बाजूला ठेवायला सांगते, कारण दीड-दोन वर्षांत रुपया कुठे जाईल सांगता येत नाही आणि तुमचं देणं डॉलर किंवा पौंडात आहे. थोडक्यात, जाहिरातीतल्या आकड्याच्या दीडपट रक्कम डोळ्यांसमोर ठेवा. तेवढी नसेल तर छोटी सफर घ्या, पण बोटीवर बसून प्रत्येक बंदरात मन मारू नका. लिस्बन किंवा सिडनीला पोहोचून ट्रामचे पैसे मोजत उभं राहणं मी काही सहप्रवाशांना करताना पाहिलंय, आणि मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं.

तिकिटात काय येतं आणि काय येत नाही?

खोली, मुख्य भोजनगृहातलं आणि बुफेतलं जेवण, चहा-कॉफी, संध्याकाळचे कार्यक्रम, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव हे येतं. मद्य आणि शीतपेयं, खास उपाहारगृहं, इंटरनेट, स्पा, डॉक्टर, बंदरांवरच्या सहली बहुतेक ठिकाणी वेगळ्या. ग्रॅच्युइटीबाबत कंपनीनुसार फरक पडतो: ब्रिटनची पी अँड ओ ती वेगळी लावत नाही, क्युनार्ड रोज खोलीच्या बिलात लावते. दोन बोटींच्या भावांची तुलना करताना हे आकडे मिळवूनच करा. बंदर-कर भावात धरले आहेत की नाहीत तेही विचारा.

पेयांचं पॅकेज दोघांपैकी एकानेच घ्यायचं म्हटलं तर पुष्कळ कंपन्या खोलीतल्या दोघांनाही घ्यायला लावतात. रोज पाच-सहा पेयं घेणार नसाल तर ते परवडत नाही.

टीसीएसचे पैसे बुडतात का? परदेशी पैसे पाठवायची मर्यादा किती?

हा माझ्या नोकरीचा विषय, म्हणून जरा सविस्तर. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेनुसार निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात. ही मर्यादा प्रत्येक माणसाची वेगळी असते, त्यामुळे जोडप्याला ती कमी पडत नाही.

टीसीएस म्हणजे पैसे पाठवताना किंवा पॅकेज घेताना आगाऊ गोळा केलेला आयकर. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, आयकर खात्याच्या तुमच्या नावावरच्या नोंदीत दिसतो, आणि विवरणपत्र भरल्यावर तुमच्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. तो बुडत नाही, पण कित्येक महिने अडकून पडतो. किती, ते पाहा. २०२५-२६च्या दराने परदेशी पॅकेजवर पहिल्या १० लाखांना ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के होते. १८ लाखांच्या एका तिकिटावर ५० हजार अधिक १ लाख ६० हजार, म्हणजे २ लाख १० हजार. दोघांचे ४ लाख २० हजार. हा दर अर्थसंकल्पात बदलत आलेला आहे, त्यामुळे ज्या वर्षी पैसे भरणार त्या वर्षीचा दर आपल्या सीएला विचारून मगच रोख रकमेची तजवीज करा.

दोन गोष्टी फायद्याच्या ठरतात. नवऱ्याचं तिकीट नवऱ्याच्या खात्यातून आणि बायकोचं तिच्या खात्यातून भरा. दोघांच्या पॅनवर रक्कम विभागली जाते आणि परताव्याची भानगड होत नाही. आणि बुकिंगची रक्कम व उरलेली रक्कम वेगवेगळ्या आर्थिक वर्षांत पडतील असं जमलं तर पाहा, म्हणजे दराला वरच्यासारखी १० लाखांची मर्यादा असेल तेव्हा ती दोन वेळा वापरता येते.

रोख चलन एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतं. तेवढंही लागत नाही. बोटीवर सगळा व्यवहार खोलीच्या कार्डावर होतो आणि ते बिल तुमच्या क्रेडिट कार्डावर पडतं. म्हणूनच कार्ड निवडताना परकीय चलनावरचा आकार बघा. साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लावणारं कार्ड चार महिने वापरलं तर केवळ आकारातच एका चांगल्या सहलीचे पैसे जातात.

भारतातल्या एजंटकडून घ्यावं की थेट कंपनीकडून?

थेट घेतलं तर कधीकधी स्वस्त पडतं आणि केबिन स्वतः नकाशावर निवडता येते. भारतातल्या विक्रेत्याकडून घेतलं तर पॅकेजवर जीएसटी लागतो, पण काही बिनसलं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुमच्या बाजूने असतो आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. परदेशी कंपनीशी भांडायचं तर तिच्या देशातल्या कायद्याने, तिच्या न्यायालयात. मी स्वतः अनुभवी एजंटकडे जाईन, पण त्याने याआधी लांबच्या सफरी विकल्या आहेत का ते विचारून. सिंगापूरची चार रात्रींची क्रूझ विकणारा आणि ११० रात्रींची विकणारा यांच्या कामात फार फरक आहे.

आणखी एक तपासणी, कुठूनही घ्या: ज्या बोटीचं तिकीट विकतात ती बोट आज त्या कंपनीच्या ताब्यात आहे का? २०२३च्या नोव्हेंबरमध्ये तीन वर्षांची एक गाजलेली जगसफर निघण्याच्या काही दिवस आधी रद्द झाली, कारण आयोजकांना बोट विकत घेताच आली नाही. लोकांनी घरं भाड्याने दिली होती, सामान विकलं होतं.

मी एकटी आहे. अर्धं तिकीट लागेल का?

नाही. भाव दोघांनी खोली वाटून घेण्याचा असतो, त्यामुळे एकट्या व्यक्तीला बहुतेक वेळा दीडपट ते दुप्पट पडतो. काही बोटींवर एकट्यांसाठी छोट्या खोल्या असतात. त्या थोड्या असतात आणि विक्री सुरू झाल्याच्या दिवशीच जातात. मैत्रिणीबरोबर खोली वाटायची असेल तर आधी तिच्याबरोबर दहा दिवसांचा एखादा प्रवास करून बघा.

केबिन कुठली घ्यावी? मला बोट लागते.

कोकणात बोटीने जायचा काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना बोट लागणं काय असतं ते सांगायला नको. मोठ्या बोटीला हेलकावे कमी बसतात, तरी सगळ्यात कमी ते खालच्या डेकवर, मध्यभागी जाणवतात. सगळ्यात वरची, पुढच्या टोकाची महागडी बाल्कनी अशा माणसाने घेऊ नये. डेकचा नकाशा बघताना तुमच्या खोलीच्या वर-खाली नाचघर किंवा स्वयंपाकघर नाही ना ते पाहा. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील ती जागा उत्तम.

खिडकीविना चार महिने राहता येतं का? काहींना येतं. आम्ही खिडकीची खोली घेतली आणि ते जास्तीचे पैसे मला कधीच खुपले नाहीत, कारण समुद्रावरचे सलग पाच-सहा दिवस येतात तेव्हा सकाळी उठल्यावर उजेड दिसणं महत्त्वाचं वाटतं. ‘कंपनी देईल ती खोली’ हा स्वस्त पर्याय छोट्या सफरीला ठीक, एवढ्या लांबच्या सफरीला मी घेणार नाही.

विम्याचं काय? आमचं वय ६५च्या पुढे आहे.

वर्षभराची, अनेक प्रवासांची पॉलिसी घेऊन भागत नाही. तिच्यात एका प्रवासाची मुदत ३०, ४५ किंवा ६० दिवसांपुरतीच असते. एकेरी प्रवासाची पॉलिसी बहुतेक कंपन्या १८० दिवसांपर्यंत देतात, ती घ्या. चार गोष्टी लेखी विचारा: क्रूझ समाविष्ट आहे का, समुद्रातून हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च देणार का, आधीपासूनचा रक्तदाब-मधुमेह धरला आहे का, आणि आजारपणामुळे निघण्याआधीच सफर रद्द करावी लागली तर किती मिळेल. शेवटच्या रकमेची मर्यादा आपल्याकडच्या पॉलिसींत तिकिटाच्या मानाने फार लहान असते. आजार लपवू नका. दाव्याच्या वेळी तेच कारण पुढे येतं.

गुडघेदुखी असेल तर मार्गातली ‘टेंडर’ बंदरं मोजा. तिथे बोट धक्क्याला लागत नाही, दूर नांगर टाकते, आणि हलणाऱ्या छोट्या होडीत उतरून किनाऱ्यावर जावं लागतं.

औषधं आणि लसी?

पूर्ण सफरीची औषधं आणि वर तीन आठवड्यांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, औषधाचं मूळ नाव लिहून, हातातल्या बॅगेत. कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रामाडॉल वगैरे संयुक्त अरब अमिरातीत अडचणीत आणतात. जपानचे नियमही कडक आहेत.

मार्गात ब्राझील किंवा केनियासारखा पिवळ्या तापाचा देश असेल तर लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. साठीनंतर ही लस घेण्यापूर्वी डॉक्टरांशी नीट बोलायला हवं. ते प्रमाणपत्र नसेल तर तशा देशातून सहा दिवसांच्या आत परतणाऱ्या प्रवाशाला भारतात विलगीकरणात ठेवतात.

ठरलेली बंदरं बदलतात का?

बदलतात, आणि करारात कंपनीने तो हक्क राखलेला असतो. हवामानामुळे एखादं बंदर गळलं तर फक्त बंदर-कर परत मिळतो. मोठं उदाहरण तांबड्या समुद्राचं: २०२३च्या अखेरीस तिथल्या जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. त्यात मुंबई-कोचीसह कितीतरी बंदरं मार्गातून गेली आणि समुद्रावरचे दिवस वाढले. एकाच बंदरासाठी सगळी सफर घेऊ नका. त्या शहरात नातवंडं भेटायला येणार असतील तर त्यांना परत करता येणारं विमान-तिकीट काढायला सांगा.

शाकाहारी जेवण मिळतं का? डब्यात काही नेता येतं का?

मिळतं. शाकाहारी आणि जैन जेवणाची मागणी बुकिंगमध्येच लेखी नोंदवा आणि पहिल्या दिवशी भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटा. बोटींवर भारतीय कर्मचारी पुष्कळ असतात, त्यात गोव्याचे खूप. गोव्यात बोटीवर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात, आणि घरंच्या घरं पिढ्यान् पिढ्या त्यावर चालली आहेत. आमच्या टेबलावर मडगावचा एक मुलगा होता. तिसऱ्या आठवड्यात त्याने स्वयंपाकघरातून साधं वरण आणि भात आणून ठेवला तेव्हा आम्हा दोघांना बोलता येईना.

मेतकूट, चटणी, खाकरे दुकानाच्या बंद पाकिटात नेता येतात, पण कंपनीचा नियम आधी वाचा. इलेक्ट्रिक किटली, छोटा कुकर, इस्त्री नेऊ नका. आगीच्या भीतीने काढून घेतात. आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये उतरताना पिशवीत फळ, दाणे, लाडू काहीही ठेवू नका. जाहीर न केलेल्या खाद्यपदार्थासाठी न्यूझीलंडमध्ये जागेवर ४०० डॉलर दंड होतो, तिथले डॉलर, पण तरी.

चार महिने बँकेची आणि घराची कामं कशी चालतात?

ओटीपी हा खरा प्रश्न. भर समुद्रात भारतीय सिमवर मेसेज येत नाही, आणि चुकून बोटीचं मोबाइल नेटवर्क पकडलं गेलं तर बिल डोळे पांढरे करणारं येतं. फोन विमान-मोडवर ठेवायचा, वायफाय वापरायचं, आणि बँकेची कामं बंदरात असताना उरकायची. त्यासाठी निघण्यापूर्वी सिमचं रोमिंग सुरू करून घ्या. वीज, सोसायटी, फोन यांची बिलं आपोआप जातील अशी सोय करा. मुदत ठेवी कधी पिकतात ते पाहा. पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात देऊन झालेला असतो, जानेवारीत निघणाऱ्याला त्याची चिंता नाही.

एवढे पैसे नाहीत. मग काय?

जगप्रदक्षिणा तुकड्यांतही विकतात. सिंगापूर ते सिडनी किंवा केपटाउन ते साउथहॅम्प्टन असा दोन-चार आठवड्यांचा भाग घेता येतो, आणि व्हिसाही दोन-तीनच लागतात. दुसरा चांगला मार्ग म्हणजे हंगाम बदलताना बोटी एका समुद्रातून दुसरीकडे जातात त्या एकेरी सफरी. एप्रिलमध्ये कॅरिबियनमधून युरोपकडे, ऑक्टोबरच्या सुमारास उलट. बंदरं थोडी, समुद्राचे दिवस जास्त, भाव बराच कमी.

आणि काहीही घेण्यापूर्वी मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणारी तीन-चार रात्रींची बोट करून या. बोट लागते का, गर्दीत जीव रमतो का, दोघांपैकी एकाला तिसऱ्या दिवशी घरची आठवण येते का, हे सगळं तेवढ्यात कळतं. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने असं केलं, परत आल्यावर जगप्रदक्षिणेचा विचार सोडून दिला, आणि त्या पैशांत दोन महिने मुलाकडे मेलबर्नला राहून आले.